प्रशिक्षक कोण, आणि कामगार कोण?

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे. मका, गुरे आणि दूरवर पसरलेली सपाट जमीन एवढेच त्याचे वैभव बाहेरच्यांना ठाऊक असते. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. या राज्यात फुटबॉलचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. आहे तो लिंकन येथील राज्य विद्यापीठाचा संघ, आणि तोच साऱ्या राज्याचा संघ मानला जातो. हा फुटबॉल भारतात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात धरून, प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेत, इंचाइंचाने जमीन जिंकण्याचा तो खेळ आहे. सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या मैदानात सुमारे ८५ हजार माणसे बसतात. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे सोडली, तर राज्यातील एकाही गावाची वस्ती एवढी नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे खपली आहेत. २०२४ च्या मोसमात अशा सामन्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली. अलीकडच्या काळात न खपलेली काही तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन हा विक्रम टिकवला, ही गोष्ट अर्थात विक्रमाच्या जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही.

या संघाची गेली वीस-बावीस वर्षे घसरण चालू आहे, आणि त्या घसरणीला कोणता प्रशिक्षक जबाबदार, हा नेब्रास्कातील घराघरांतला अखंड वाद आहे. बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ साली संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्यांचे सहकारी टॉम ऑस्बर्न १९७३ साली मुख्य प्रशिक्षक झाले आणि पंचवीस मोसम त्या पदावर राहिले. त्यांच्या खात्यावर २५५ विजय, ४९ पराभव आणि १९९४, १९९५ व १९९७ ची विजेतेपदे आहेत. त्यानंतर आलेले फ्रँक सोलिच यांनी सहा मोसमांत ५८ सामने जिंकले, १९ गमावले. २००१ च्या मोसमाअखेर संघ विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. पण तिथे त्याचा मोठा पराभव झाला आणि पुढच्या मोसमात सात विजय व सात पराभव अशी बरोबरी झाली. २००३ साली नऊ सामने जिंकूनही सोलिच यांना दूर करण्यात आले. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, अशा आशयाची घोषणा तेव्हाचे क्रीडासंचालक स्टीव्ह पेडरसन यांनी केली होती. पुढच्याच वर्षी, १९६१ नंतर प्रथमच, संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले.

तेव्हापासून वादाला खंड नाही. एका पक्षाच्या मते सोलिच यांना काढले त्या दिवशी संघाचे दैव फिरले. दुसऱ्याच्या मते खरे पाप बिल कॅलहन यांचे. पिढ्यान्‌पिढ्या चेंडू घेऊन धावणाऱ्या संघाला त्यांनी चेंडू फेकायला शिकवले आणि जुनी घडी मोडली. तिसरा पक्ष बो पेलिनी यांचा कैवार घेतो. या तापट गृहस्थाने सातही मोसमांत नऊ किंवा दहा सामने जिंकले, तरी २०१४ साली त्यालाही सोलिचप्रमाणेच नऊ विजय मिळवलेल्या मोसमाअखेर घरी पाठवले गेले. सभ्य माइक रायली आले. १९ जिंकून १९ हरून गेले. मग राज्याचाच सुपुत्र, १९९७ च्या विजेत्या संघाचा नायक स्कॉट फ्रॉस्ट २०१८ साली आला, तेव्हा तारणहार आला असे जवळजवळ सर्वांना वाटले. त्याने १६ सामने जिंकले आणि ३१ गमावले.

हा वाद थिल्लर नाही. त्यात स्मृती आहे, अभ्यास आहे, जिव्हाळा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या सामन्यातील एखादा डाव का फसला, हे तिथला शेतकरी सांगू शकतो. ज्या समाजात सार्वजनिक विषयांवर बोलायला माणसे एकत्र येईनाशी झाली आहेत, तिथे निदान एका विषयावर श्रीमंत-गरीब, शहरी-खेडूत एकाच भाषेत भांडतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही सारे भांडण व्यक्तींभोवती फिरते. कोणी बुडवले आणि कोण तारील, या दोन प्रश्नांपलीकडे ते जात नाही. चढत्या काळाचे श्रेय एका थोर पुरुषाला द्यायचे, उतरत्या काळाचे खापर त्याच्या वारसदारांवर फोडायचे, आणि दरम्यान परिस्थिती काय बदलली याची चौकशी लांबणीवर टाकायची, ही रीत केवळ क्रीडारसिकांची आहे असे मात्र कोणा राजकीय कार्यकर्त्याने म्हणू नये.

परिस्थिती बदलली होती, आणि ती फार बदलली होती. डेव्हनी यांच्या काळात एका विद्यापीठाने किती खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी यावर राष्ट्रीय मर्यादा नव्हती. श्रीमंत आणि लोकप्रिय संघ शेकड्याने मुले गोळा करीत आणि प्रतिस्पर्ध्यांसाठी शिल्लक ठेवीत नसत. १९७३ साली ही संख्या १०५ वर आली, १९७८ साली ९५ वर, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत ८५ वर. लहान विद्यापीठांना त्यामुळे चांगले खेळाडू मिळू लागले. नेब्रास्काने त्यावर काढलेला तोडगा मोठा बोलका होता. राज्यातील खेड्यापाड्यांतली धट्टीकट्टी पोरे शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या खर्चाने, केवळ लाल सदरा अंगावर चढवायला मिळावा म्हणून लिंकनला येत आणि वर्षानुवर्षे सरावात धक्के खात. ऑस्बर्न यांच्या यशाचा मोठा भाग या बिनमोल श्रमावर उभा होता. १९६९ पासून संघाने व्यायाम आणि ताकद वाढवण्यासाठी स्वतंत्र पगारी तज्ज्ञ ठेवला होता. तेव्हा इतर विद्यापीठांना ही कल्पना नवीन होती. पुढे ती सर्वांनी उचलली आणि आघाडी संपली.

दूरचित्रवाणीचे तसेच. १९८४ पर्यंत कोणाचे किती सामने दाखवायचे हे महाविद्यालयीन क्रीडासंघटना ठरवीत असे. मोजकेच सामने दिसत आणि त्यांत नेब्रास्काचे नाव नेहमी असे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. बाजार मोकळा झाला, सर्वांचेच सामने दिसू लागले, आणि फ्लोरिडातील किंवा टेक्ससमधील मुलाला बर्फाळ लिंकनला जाण्याचे विशेष कारण उरले नाही. पुढे पैशाच्या ओढीने जुन्या प्रादेशिक स्पर्धामंडळांची मोडतोड झाली. ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारा सामना हा नेब्रास्काचा सण होता. १९९६ साली नवे मंडळ झाल्यावर तो दरवर्षी होईनासा झाला. २०११ साली विद्यापीठ अधिक उत्पन्नाच्या दुसऱ्या मंडळात गेले आणि टेक्ससशी असलेला नित्याचा संबंधही तुटला. चांगले खेळाडू स्वतःच्या राज्यात पुरेसे निपजत नाहीत, ते हजार मैलांवरून आणावे लागतात, ही नेब्रास्काची मूळ अडचण आहे. ती ऑस्बर्न यांच्या काळीही होती; तिच्यावर मात करण्याची साधने तेवढी एकेक करून गेली.

यातले काहीही गुपित नाही. रसिकांना ते ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि वादाच्या केंद्रस्थानी आणणे वेगळे. ऑस्बर्न यांची मूर्ती इतकी उंच झाली आहे, की त्यांच्याच कारकिर्दीचा विसर पडतो. पहिली पाच वर्षे ते ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले. पहिले विजेतेपद त्यांना बाविसाव्या मोसमात मिळाले. मोठा सामना जिंकणे यांना जमत नाही, अशी कुरकुर त्यांच्याविरुद्ध त्याच लिंकनमध्ये अनेक वर्षे चालू होती. आजच्या मापाने मोजले असते, तर तेही केव्हाच पदमुक्त झाले असते. आणि सुवर्णकाळातही सारेच सोने नव्हते. १९९५ साली एका तरुणीला मारहाण केलेल्या नामांकित खेळाडूला काही आठवड्यांच्या निलंबनानंतर ऑस्बर्न यांनी संघात परत घेतले, त्यावर देशभर टीका झाली. त्या वर्षीच्या अपराजित संघाची आठवण काढताना ही आठवणही काढली गेली पाहिजे.

आता पैशाकडे वळावे लागते. ११ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. करारानुसार त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर ही रक्कम निम्मी झाली असती. म्हणजे एका माणसाने तीन आठवडे आधी काम थांबवावे याची किंमत पाऊण कोटी डॉलर. त्यांच्या जागी मॅट रूल यांना आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरांचा करार मिळाला. रूल यांच्या दुसऱ्या मोसमात, २०२४ साली, संघाने सात सामने जिंकले, सहा गमावले आणि आठ वर्षांत प्रथमच मोसमाअखेरच्या निमंत्रित सामन्यात स्थान मिळवले. त्यावर आनंद झाला. २००२ साली एवढ्याच कामगिरीवर हाहाकार झाला होता. अपेक्षा खाली आली, वेतन वर गेले. काम केल्याबद्दल कोट्यवधी आणि काम न केल्याबद्दलही कोट्यवधी, अशी सेवाशाश्वती जगातील कोणत्याही कामगार संघटनेला आजवर मिळवता आलेली नाही.

मग मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी एक शब्द घडवण्यात आला होता: विद्यार्थी-क्रीडापटू. हा शब्द शिक्षणशास्त्रातून आलेला नाही, तो वकिलांच्या टेबलावर जन्माला आला. १९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने जखमी झालेल्या एका महाविद्यालयीन खेळाडूला कर्मचारी मानून नुकसानभरपाई मान्य केली. १९५५ साली त्याच राज्यात दुसरा खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली, तेव्हा १९५७ साली त्याच न्यायालयाने, महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे कारण देऊन ती नाकारली. हे दायित्व आपल्या गळ्यात पडेल या भीतीने महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने हा जोडशब्द बनवला आणि सर्वत्र सक्तीने रूढ केला, याची कबुली संघटनेचे पहिले प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दिली. भारतातील अंगणवाडी सेविकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. त्यांच्या वेतनाला मानधन म्हटले, की त्या कर्मचारी राहत नाहीत. त्यांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.

नेब्रास्कात या शब्दाला आव्हान देणारा एक माणूस होता, आणि तो प्रशिक्षक नव्हता. ओमाहाच्या कृष्णवर्णीय वस्तीतून राज्याच्या विधिमंडळावर दशकानुदशके निवडून आलेले अर्नी चेंबर्स. संघातील अनेक उत्तम खेळाडू दूरच्या शहरांतील गरीब कृष्णवर्णीय घरांतून आलेले, आणि त्यांच्या खेळावर टाळ्या वाजवणारे राज्य बहुतांशी गोरे. या मुलांच्या जिवावर विद्यापीठ पैसा कमावते, मग त्यांना मोबदला का नाही, असा रोखठोक सवाल चेंबर्स १९८० नंतरच्या दशकापासून विचारीत होते. १९८८ साली त्यांचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. गव्हर्नर के ऑर यांनी ते नाकारले. १५ वर्षांनी, २००३ च्या वसंतात, पुन्हा विधेयक आले, मंजूर झाले, आणि या वेळी गव्हर्नरांची सहीही झाली. मात्र स्पर्धामंडळातील आणखी काही राज्ये तसाच कायदा करतील तरच तो अमलात यावा, अशी अट त्यात होती. ती कधीच पुरी झाली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोलिच यांना काढण्यात आले. या दोन घटनांपैकी कोणती नेब्रास्काच्या फुटबॉलच्या इतिहासात अधिक महत्त्वाची, असा प्रश्न विचारला तर बहुतेक रसिक क्षणाचाही विचार न करता दुसरीचे नाव घेतील.

चेंबर्स जे मागत होते ते शेवटी आले, पण लोकप्रतिनिधींच्या ठरावाने नव्हे, तर न्यायालयाच्या आणि बाजाराच्या वाटेने. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासंघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला. त्या वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरांची भरपाई ठरली, आणि विद्यापीठांना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटता येऊ लागली. हा न्यायच आहे, उशिरा का होईना. पण त्याचे रूप पाहिले पाहिजे. खेळाडूला किंमत मिळाली, आवाज मिळाला नाही. प्रत्येक जण एकटा सौदा करतो. नामवंताला लाखो मिळतात. सरावात धक्के खाणाऱ्याच्या वाट्याला फार थोडे येते. संघटना बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंना २०१४ साली श्रम मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने कर्मचारी मानले. २०१५ साली मध्यवर्ती मंडळाने या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. वर्षाअखेर, मंडळाची रचना बदलण्याची चिन्हे दिसताच, अर्ज मागे घ्यावा लागला. सामुदायिक करार हाच विषय मार्गी लावण्याचा सरळ उपाय आहे, आणि नेमका तोच सोडून बाकी सर्व उपाय करून पाहिले जात आहेत.

गंमत ही, की सार्वजनिक मालकीची कल्पना नेब्रास्काला परकी नाही. रेल्वे लोकांच्या मालकीची व्हावी अशी मागणी करणारा पीपल्स पार्टीचा जाहीरनामा १८९२ साली ओमाहातच मंजूर झाला. आजही या राज्यातील वीजपुरवठा सर्वस्वी सार्वजनिक संस्थांच्या हाती आहे. अमेरिकेत असे दुसरे राज्य नाही. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे आठ सदस्य थेट जनता निवडते. म्हणजे संघ आमचा आहे, ही रसिकाची भावना भाबडी नाही, तिला कायद्याचा आधार आहे. पण मालकीची ही जाणीव प्रशिक्षकाच्या नेमणुकीपर्यंत येऊन थांबते. कोणत्या मंडळात सामील व्हायचे, दूरचित्रवाणीचा करार कोणाशी करायचा, आलेला पैसा कसा वाटायचा, हे प्रश्न मतदानाच्या वेळी कोणी विचारीत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये याच नियामक मंडळाने तुटीचे कारण देऊन लिंकन येथील चार शैक्षणिक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. संख्याशास्त्र त्यांत आहे, भू आणि वातावरणशास्त्रही आहे. शेतीवर जगणाऱ्या राज्याने हवामानाचा अभ्यास गुंडाळावा, याला काय म्हणावे? विद्यापीठाची तूट सांगितली गेली ती सुमारे २ कोटी ७५ लाख डॉलरांची. इथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नेब्रास्काचा क्रीडाविभाग बहुतेक विद्यापीठांप्रमाणे सरकारी तिजोरीवर किंवा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर जगत नाही, तो तिकिटे, देणग्या आणि दूरचित्रवाणी यांवर स्वतःचा खर्च भागवतो. फुटबॉलने प्रयोगशाळेचा पैसा पळवला, असा सरळ आरोप करता येणार नाही. परंतु एका आवारात दोन अर्थव्यवस्था नांदतात. एकीत तीन आठवड्यांच्या घाईसाठी पाऊण कोटी सहज निघतात, आणि दुसरीत अध्यापकांना घरी जावे लागते. दोन्हींवर देखरेख करणारे मंडळ एकच, त्याला निवडून देणारे मतदारही तेच.

याच मैदानावर ३० ऑगस्ट २०२३ रोजी मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक जमले होते. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाने १९९५ पासून पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत, आणि तेवढ्या काळात त्याला अवघे तीन मुख्य प्रशिक्षक लागले आहेत. नेब्रास्कातील खेळाच्या ऱ्हासाची चर्चा चालते, तेव्हा ती केवळ पुरुषांच्या एका खेळाची असते.

एप्रिल २०२४ मध्ये फ्रँक सोलिच लिंकनला परत आले. काढले गेल्यानंतर त्यांनी ओहायोतील एका विद्यापीठात सोळा मोसम काम केले होते आणि नेब्रास्कापासून ते लांबच राहिले होते. वसंतातील सराव सामन्याच्या दिवशी त्यांचा सन्मान करण्यात आला. एकवीस वर्षांपूर्वी एका माणसावर अन्याय झाला, हे राज्याने अखेर मनमोकळेपणाने मान्य केले. त्याच एकवीस वर्षांत लाल सदरा घालून या मैदानावर जे शेकडो तरुण खेळले, त्यांतील बरेच जण मोबदल्याची मुभा मिळण्यापूर्वीच गुडघे आणि खांदे दुखावून घरी परतले होते. २००३ सालचा कायदा अमलात आला असता, तर त्यांना काय मिळाले असते, याचा हिशेब त्या दिवशी कोणी मांडला नाही.